निफाडच्या गव्हाचा हिशेब वॉशिंग्टनला कसा पोचतो?

प्रश्न : भारत शेतीच्या उत्पन्नातले जेमतेम ०.४ टक्के संशोधनावर खर्च करतो, असं मध्यंतरी एका भाषणात ऐकलं. दुसरीकडे ०.३ वाचलं. माझी शेती निफाड तालुक्यात. आमच्या आजूबाजूला कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र, पिंपळगाव बसवंतचं कांदा-द्राक्ष केंद्र, चितेगावची संस्था, लासलगावचा किरणांचा प्रकल्प असं बरंच काही आहे. या सगळ्याचा खर्च कोणी एकत्र मोजतं का? मोजत असेल तर कोण, आणि कसं? आम्ही बागाईतदार पदरचे पैसे घालून जे प्रयोग करतो ते त्यात धरतात का?
— एक द्राक्ष बागाईतदार, निफाड तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन्ही आकड्यांपासूनच सुरुवात करू. २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशात कृषी संशोधनावर १९,६५० कोटी रुपये खर्च झाले. त्या वर्षी शेती, पशुपालन, मासेमारी आणि वनं मिळून झालेलं मूल्यवर्धन ४५ लाख कोटींच्या आसपास होतं. भागाकार करा, ०.४३-०.४४ टक्के येतील. शेतीतून शंभर रुपये उभे राहिले, तर त्यातले चव्वेचाळीसेक पैसे संशोधनाकडे गेले. भाषणातला ०.४ हा असा.

०.३ चा उगम वेगळा आहे. वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था आहे, तिला सगळे इफ्प्री म्हणतात. तिच्या ॲस्टी नावाच्या उपक्रमाचं कामच हे, की विकसनशील देश कृषी संशोधनावर किती पैसा आणि किती माणसं लावतात ते वर्षानुवर्षे टिपत राहायचं. ॲस्टीने २०१४ साठी भारताचा आकडा ०.३० टक्के दिला होता. चीन त्या सुमारास आपल्या दुपटीच्या जवळ होता आणि ब्राझील दीड टक्क्याच्याही वर. विकसनशील देशांनी निदान १ टक्का तरी खर्च करावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर सांगितलं जातं. त्या मापाने आपण निम्म्यालाही पोचत नाही.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींत वर्षांचं अंतर आहे, हे तर आहेच. पण मोठा फरक पडतो तो काय मोजायचं यावरून. आर्थिक पाहणी संशोधनाबरोबर शिक्षणही धरते. ॲस्टी शिक्षण वगळते आणि विस्तारकार्यही वगळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीच्या मुलांना शिकवण्याचा खर्च तिच्या लेखी संशोधन नाही, आणि कृषी विज्ञान केंद्राने तुमच्या गावात घेतलेला मेळावाही नाही.

हा उद्योग सुरू कधी झाला?

देशोदेशींचा कृषी संशोधनाचा खर्च गोळा करण्याचे पहिले गंभीर प्रयत्न १९७० च्या दशकातले, रॉबर्ट एव्हन्सन आणि योआव्ह किस्लेव्ह या अर्थशास्त्रज्ञांचे. पुढे नेदरलँड्समधल्या हेग शहरात इस्नार नावाची संस्था निघाली. तिथल्या फिलिप पार्डी आणि योहानेस रोझेबूम यांनी १९८९ मध्ये दीडशेहून अधिक देशांच्या आकड्यांचा जाडजूड ग्रंथ काढला. इस्नार २००४ मध्ये बंद झाली आणि काम इफ्प्रीकडे आलं. संशोधन कशाला म्हणायचं याची व्याख्या मात्र त्याही आधीची. १९६३ मध्ये इटलीतल्या फ्रास्काती गावी श्रीमंत देशांच्या तज्ज्ञांनी बसून ती ठरवली, आणि आजही जग त्याच नियमपुस्तिकेवर चालतं. कुंदेवाडीच्या शास्त्रज्ञाचा दिवस कसा मोजायचा, याचा नियम इटलीतल्या एका गावात ठरला.

माणसं मोजायची म्हणजे काय करायचं?

हा भाग मला सगळ्यात पटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, विद्यापीठाच्या एखाद्या केंद्रावर एक कांदा पैदासकार आहेत. आठवड्यातले दोन दिवस ते महाविद्यालयात तास घेतात, एक दिवस शेतकऱ्यांचे फोन, शिवारफेरी आणि चर्चासत्रात जातो, उरलेले तीन दिवस ते वाफ्यांत असतात. कामाचे सहा दिवस धरले तर ॲस्टी त्यांना एक शास्त्रज्ञ म्हणून मोजणार नाही, अर्धा शास्त्रज्ञ म्हणून मोजेल. अशा अपूर्णांकांची बेरीज करून देशाची संशोधनाची ताकद काढतात. प्रत्येक संस्थेला प्रश्नावली जाते. किती शास्त्रज्ञ, कुठल्या पदवीचे, किती स्त्रिया, वय काय, कोणत्या पिकावर, किती वेळ. पैशाच्या आकड्यापेक्षा हा आकडा अधिक प्रामाणिक, असं माझं मत आहे. पैसा एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात सरकवता येतो. वाफ्यात उभा असलेला माणूस तसा सरकवता येत नाही. तो असतो किंवा नसतो.

आणि नसतो तेव्हा ते चटकन दिसतं. महाराष्ट्रातली चारही कृषी विद्यापीठं, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, गेली कित्येक वर्षं मोठ्या संख्येने रिक्त पदं घेऊन चालली आहेत. पद मंजूर आहे म्हणून कागदावर केंद्र जिवंत असतं. माणसांची मोजणी हा कागद फाडते.

पैसे मोजताना कुठे घोळ होतो?

पहिला घोळ दुबार मोजणीचा. कुंदेवाडीचं केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, पण गव्हाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातही ते आहे. अशा प्रकल्पांत साधारणपणे ७५ टक्के पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषद देते आणि २५ टक्के राज्य. आता दिल्लीने आपल्या खर्चात ते ७५ रुपये दाखवले आणि राहुरीने आपल्या खर्चात पूर्ण १०० दाखवले, तर १०० रुपयांच्या कामाचे १७५ झाले. यावर उपाय सोपा आहे. देणाऱ्याची वही बघायचीच नाही, ज्याच्या हातून प्रत्यक्ष खर्च झाला त्याचीच बघायची. सोपा उपाय, पण हिशेबनीसांना नकोसा, कारण त्यासाठी दिल्लीत बसून भागत नाही, प्रत्येक केंद्राला विचारावं लागतं.

(कुंदेवाडीचं नाव तुम्ही काढलंत म्हणून आठवलं. थंडीत निफाडचा पारा किती घसरला याची जी बातमी दरवर्षी पेपरात येते, ती याच गहू केंद्रातल्या नोंदीवरून. बाहेरच्या वाचकाला हे केंद्र तापमापकापुरतंच ठाऊक. तिथून आलेले त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण मात्र बातमीत येत नाहीत. नावं बघा, सगळं नाशिकच उतरलंय त्यांत. वाणाच्या क्रमांकापुढची एनआयएडब्ल्यू ही अक्षरं दिसली, की त्यातली पहिली दोन निफाडची, हे पोत्यावरचं लेबल वाचताना ध्यानात ठेवा.)

दुसरा घोळ रुपये-डॉलरचा. ब्राझील, केनिया आणि भारत यांची तुलना करायची तर एकच चलन हवं. बाजारभावाने डॉलर ८० रुपयांच्या पुढे. पण निफाडमध्ये मजूर आणि खत यांवर ८० रुपयांत जेवढं काम होतं, तेवढं अमेरिकेत एका डॉलरात होत नाही. म्हणून मोजणारे क्रयशक्तीचा दर लावतात. त्या दराने डॉलर आपल्याकडे साधारण २०-२२ रुपयांचा ठरतो, आणि भारताचा खर्च एकदम चौपट दिसू लागतो. संशोधनाचा बहुतेक खर्च पगार-मजुरीचा असल्याने हे बरोबरच आहे. पण पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची उर्वरित अंश तपासणारी प्रयोगशाळा आहे. तिथलं यंत्र परदेशातून येतं आणि त्याचं बिल क्रयशक्तीच्या डॉलरात भरता येत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात आपली द्राक्षं अडकली, सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणून, तेव्हा ते यंत्र आणि ते चालवणारी माणसं किती मोलाची आहेत हे नाशिकला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. भारताच्या खर्चाचा फुगलेला आकडा वाचताना हा भाग लक्षात ठेवावा.

तिसरा घोळ टक्केवारीचाच. शेतीचं उत्पन्न वाढलं आणि संशोधनाचा खर्च आहे तिथेच राहिला तर टक्का घसरतो. दुष्काळाने उत्पन्न घटलं तर काहीही न करता टक्का सुधारतो. म्हणून ॲस्टीने पुढे देशाचा आकार, पिकांची विविधता, उत्पन्नाची पातळी वगैरे लक्षात घेऊन वेगळा निर्देशांकही काढला. भाषणात मात्र तो कुणी सांगत नाही. ०.४ सांगायला सोपं पडतं.

आता नाशिकचं. कुणाचा खर्च वहीत येतो, कुणाचा नाही?

तुम्ही चार ठिकाणांची नावं घेतलीत. ती एकेक करून मोजणाऱ्याच्या जाळ्यात टाकून पाहू.

कुंदेवाडी आणि पिंपळगाव सरळ आहेत. दोन्ही राहुरी विद्यापीठाची, म्हणजे उच्च शिक्षणाच्या रकान्यात. पिंपळगावच्या केंद्राने कांद्याचे बसवंत-७८० आणि एन-२-४-१ हे वाण दिले. एन-२-४-१ चा उन्हाळ कांदा तर कित्येक घरांत आता 'आपलं गावठी बियाणं' म्हणून चालतो, विद्यापीठाचं नाव त्यातून कधीच गळून पडलंय. संशोधनाचा पैसा मोजता येतो, त्याचा फायदा मोजणं अवघड जातं, त्याचं एक कारण हेही आहे. शेतकरी डोंगळे लावून स्वतः बी धरतो, शेजाऱ्याला देतो, त्याची पावती कुठेच फाटत नाही. इगतपुरीला भात, नागली आणि खुरासणीवर काम करणारं केंद्रही याच रकान्यातलं. तुमच्या पत्रात ते नव्हतं. द्राक्षवाल्यांना घाटमाथा दिसत नाही, ही तक्रार तिकडच्या शेतकऱ्यांची आहे, माझी नाही.

चितेगावचं राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान १९७७ मध्ये निघालं. नाफेडने आणि नाफेडमार्फत कांदा निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांनी ते काढलं. ॲग्रीफाउंड डार्क रेड आणि ॲग्रीफाउंड लाइट रेड हे वाण त्यांचे. हा सरकारी खर्चही नाही आणि विद्यापीठाचाही. मोजणीच्या पद्धतीत त्यासाठी 'ना-नफा' असा तिसरा रकाना असतो. ज्या देशांत कॉफी, चहा, साखर उद्योग स्वतःची संशोधन संस्था चालवतात, तिथे हा रकाना चांगला भरलेला असतो. आपल्याकडे तो बारीक असतो, पण नाशिक जिल्ह्यापुरता तो रिकामा नाही.

लासलगावचा प्रकल्प मोजणाऱ्याला खरी अडचण करतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तो उभारला, नाव कृषक. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अगदी थोडी मात्रा दिली की कांद्याला साठवणीत कोंब फुटत नाहीत. चाळीतल्या उन्हाळ कांद्याचं दिवाळीपर्यंत काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. कांद्यासाठी उभारलेला हा प्रकल्प पुढे आंब्यासाठी जास्त गाजला. २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबा तिथे किरण घेऊन जाऊ लागला. लासलगावसारख्या कांद्याच्या पेठेतून हापूस अमेरिकेला गेला, हा योगायोग मला फार आवडतो. हिशेबाच्या दृष्टीने मात्र गंमत अशी, की हा पैसा अणुऊर्जा विभागाचा. कृषी संशोधनाची बेरीज कृषी खात्याच्या अर्थसंकल्पातून काढली तर लासलगाव त्यातून गळतं. अवकाश विभागाचे उपग्रह पीक अंदाजासाठी वापरले जातात, हवामान खातं शेतीसाठी सल्ले काढतं, त्यांचीही गत तीच. फ्रास्कातीचा नियम सांगतो की कोणतं खातं हे बघू नका, हेतू बघा. पण हेतू पाहायचा तर आधी कुणी त्या दारात जायला हवं.

आणि आम्ही बागाईतदार?

तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि उत्तर जवळपास 'नाही' असं आहे.

महाराष्ट्राची द्राक्षबाग ज्या वाणांवर उभी राहिली ते बघा. थॉमसन सीडलेस बाहेरून आला. पण त्यातून तास-ए-गणेश निवडला तो तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी. सोनाका काढला सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. दोघेही बागाईतदार. वेलीवर वेगळा घड दिसला, तो टिपला, त्याची काडी जपली, तिच्यावरून कलमं केली, चार-पाच हंगाम पाहिलं. फ्रास्कातीच्या व्याख्येला हे पुरेपूर उतरतं, नवं ज्ञान आहे आणि पद्धतशीर काम आहे. पण त्यावर झालेला खर्च कुठल्याही वहीत नाही, कारण प्रश्नावली संस्थांना जाते, बांधावर येत नाही.

१९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ मात्र संस्था आहे. त्याला पत्ता आहे, ताळेबंद आहे. पुणे, सोलापूर, सांगली आणि नाशिक असे त्याचे विभाग, आणि संशोधनाचं कामही तो करत आलाय. वर्गणीच्या पैशातून बागाईतदारांनी स्वतः चालवलेलं संशोधन म्हणून जगात याची दखल घ्यायला हवी होती. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं ते १९९७ मध्ये, म्हणजे संघानंतर सदतीस वर्षांनी.

आता उलट दिशेचा पैसा बघा. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आरा नावाचे परदेशी पेटंटचे वाण नाशकात आणले. बागाईतदार त्यासाठी रॉयल्टी मोजतो. ही रॉयल्टी म्हणजे दुसऱ्या देशात झालेल्या संशोधनाचं देणं. शेतकऱ्याच्या खर्चात ते रोपाच्या आणि परवान्याच्या किमतीत मिसळून जातं. भारताच्या संशोधन खर्चात ते नसतं, कारण संशोधन इथे झालंच नाही. पण 'नाशिकचा द्राक्ष बागाईतदार संशोधनासाठी किती पैसे देतो?' असा प्रश्न विचारला, तर उत्तरात ते धरावंच लागेल. रॉयल्टी देऊ नये असं मी म्हणत नाही. चांगला वाण फुकटात मिळावा ही अपेक्षा चुकीचीच आहे. पण पस्तीस वर्षं आपण वाण-पैदाशीवर पुरेसा खर्च केला असता, तर त्यातला काही पैसा मांजरीला किंवा राहुरीला गेला असता, असं मला वाटत राहतं.

बियाणं आणि औषध कंपन्यांचा खर्च हा या मोजणीतला सगळ्यात अंधारा कोपरा. त्यांनी आकडे सांगावेत अशी सक्ती नाही, आणि सांगितले तरी संशोधन आणि विक्री यांची सीमारेषा ते आपल्या सोयीने आखतात. खाजगी खर्च वाढलाय यात शंका नाही. तो कपाशी, मका, भाजीपाला आणि संकरित बियाण्यांवर वाढलाय, कारण तिथे दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं. नागली-खुरासणीकडे कुठलीही कंपनी वळणार नाही. तिथे सरकारी केंद्र बंद पडलं की संशोधनच बंद.

खर्च तर होतोय, मग केंद्रावर पैसा का दिसत नाही?

हा प्रश्न तुमचा नाही, पण तुमच्या प्रश्नाच्या पोटातला आहे.

केंद्रातला कृषी संशोधन व शिक्षण विभाग, ज्याच्या खाली परिषद येते, त्याची २०२४-२५ ची अर्थसंकल्पी तरतूद ९,९४१ कोटी रुपये होती. त्याच अर्थसंकल्पात पीएम-किसानला ६०,००० कोटी आणि खतांच्या अनुदानाला १ लाख ६४ हजार कोटींच्या घरात. ही तुलना नेहमीची आहे आणि जराशी अन्यायाचीही, कारण संशोधनाला खतांइतके पैसे लागतच नाहीत. त्याहून बोलका आकडा म्हणजे त्या ९,९४१ कोटींतला पगार आणि निवृत्तिवेतनाचा वाटा. तो एवढा मोठा असतो की प्रत्यक्ष प्रयोगांना उरतं ते उरलंसुरलं. सालगडी वर्षभर ठेवला, पण फवारणीला आणि छाटणीला पैसे नाहीत, अशी ही बाग. म्हणून ॲस्टी खर्चाचे तीन भाग पाडून विचारते. पगार, चालू खर्च आणि भांडवली खर्च. टक्का ०.३ असो वा ०.४, मला विचाराल तर या तीन भागांतला मधला भाग किती, हे आधी बघावं. पॉलिहाउसचा कागद फाटला तर तो बदलायला पैसे आहेत का, परागीभवनाच्या हंगामात मजूर लावता येतात का, मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवता येतात का, हे सगळं त्या मधल्या भागात असतं.

खर्च वाढवला तर परत काय मिळतं?

झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये अमेरिकेतल्या संकरित मक्याचा हिशेब काढला आणि गुंतवणुकीवरचा परतावा वर्षाला ७०० टक्के असल्याचं दाखवलं. अर्थात, जो वाण जिंकला त्याचाच हिशेब मांडला की आकडा असाच येणार. हरलेल्या प्रयोगांचा खर्च बेरजेत घ्यायला हवा, ही अडचण ग्रिलिचेसलाही ठाऊक होती. त्यानंतर जगभरात शेकडो अभ्यास झाले, आणि सरासरी खाली आली तरी बँकेच्या व्याजापेक्षा ती कितीतरी वरच राहिली. आपली आर्थिक पाहणी म्हणते, एका रुपयाचे १३ रुपये ८५ पैसे. हे पैशांपर्यंतचं नेमकेपण मी थोडं बाजूला ठेवतो. दिशा मात्र बरोबर आहे, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

मग सरकारं खर्च का करत नाहीत? कारण परतावा उशिरा येतो. संकर करण्यापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात, आणि तो शिवारात पसरून खरा फायदा दिसायला आणखी तेवढीच. आज पैदासकाराचं पद रिकामं ठेवलं तर त्याची किंमत पुढच्या निवडणुकीत मोजावी लागत नाही. ती पंधरा वर्षांनी मोजावी लागते, आणि तेव्हा मतं मागायला वेगळाच माणूस उभा असतो.

पूर्वी शेतमालाच्या निर्यातीवर संशोधनासाठी सेस होता म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. कृषी अनुसंधान परिषद १९२९ मध्ये निघाली, लिनलिथगो यांच्या शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून. तिच्या हाती स्वतःचा पैसा असावा म्हणून १९४० मध्ये कायदा झाला, आणि ठरावीक शेतमालाच्या निर्यातीवर अर्धा टक्का सेस बसला. जुन्या शास्त्रज्ञांच्या तोंडी 'सेस फंडाची स्कीम' हा शब्द असतो तो यावरून. २००६ मध्ये हा सेस रद्द झाला. वसुलीचा व्याप आणि निर्यातदारांवरचा भार अशी कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण त्याबरोबर मोजणीची एक स्वच्छ खिडकीही बंद झाली. निर्यात किती, तिचा अर्धा टक्का किती आणि तो कुठल्या प्रयोगावर गेला, हे तीन आकडे जोडता येत होते.

ऑस्ट्रेलियात आजही असं चालतं. शेतकरी विक्रीवर ठरलेली पट्टी देतो, सरकार एका मर्यादेपर्यंत तेवढीच भर घालतं, आणि पिकानुसार महामंडळं तो पैसा संशोधनाला लावतात. लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्या शेकडा दराने बाजार फी घेतातच. तिच्यातला एक छोटा हिस्सा कांद्याच्या साठवणीवरच्या संशोधनाला राखून ठेवला आणि समितीच्या फळ्यावर भावांशेजारी लिहिला, तर त्याचा मागोवा घ्यायला वॉशिंग्टनची गरज पडणार नाही. समित्यांचे संचालक याला किती राजी होतील, हा वेगळा विषय.

माझ्या तालुक्याचा आकडा मला कसा मिळेल?

ॲस्टी देशाचा आकडा देते, फार तर परिषद आणि राज्य विद्यापीठं असे तुकडे पाडते. निफाडपुरता आकडा तिच्याकडे मिळणार नाही. तो माहितीच्या अधिकारात मागवता येतो. कुंदेवाडी आणि पिंपळगाव या दोन्हींसाठी अर्ज राहुरी विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रस्तावनेत शब्द घालवू नका. 'एकूण खर्च किती' असं विचारलंत तर एक मोठी बेरीज हातात येईल, तिचा उपयोग नाही. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांसाठी, वर्षवार, एवढं विचारा: शास्त्रज्ञांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, पगारावर किती, पगार सोडून चालू खर्च किती, परिषदेकडून आलेला आणि राज्याकडून आलेला निधी किती, बियाणं विक्रीतून केंद्राला मिळालेलं उत्पन्न किती. दोन केंद्रांसाठी दोन अर्ज करा, एकात घातलंत तर त्या कारणाने परत येण्याचा संभव आहे. उत्तराची मुदत तीस दिवस, पण अर्ज मार्चअखेरीच्या गडबडीत टाकू नका. जूनमध्ये टाका, तोवर मागच्या वर्षाचे हिशेब बंद झालेले असतात.